दाभणानं शिवलेली भेट

कॉमिक्समधले उडणारा आणि मुखवटेवाला हे दोन वीर पहिल्यांदा एकत्र कधी आले, यावर माझं आणि माझ्या मित्राचं शाळेपासून भांडण. मी म्हणायचो, दिवाळीच्या जाड विशेषांकात. तो म्हणायचा, "नाय, त्याच्या लई आधी. अंक हाय माझ्याकडं." पण दाखवायचा मात्र नाही. न पाहिलेल्या त्या अंकावर मी चाळीस वर्षं जळलो.

वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यानं एकदाचा तो बाहेर काढला. ताकद गेलेला उडणारा गच्चीवरून कोसळतो आणि पान उलटलं की मुखवटेवाला त्याला हात देतो. मी ते पान पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं.

मग मला शिवण दिसली. शहागंजात कॉमिक्स भाड्यानं देणारे एक चाचा होते. पानं निसटू नयेत म्हणून ते दोन-दोन अंक दाभणानं एकत्र शिवायचे. हा अंक त्यांच्याकडचाच, आणि शिवताना दोन अंकांची पानं एकमेकांत गेली होती. ही भेट कुणी लिहिलेलीच नव्हती!

मी ते मोठ्या खुशीत सांगून टाकलं. मित्र शांतपणे म्हणाला, "ठावं हाय की. पण हात कसा बरोबर वेळेला दिलाय बघ."

तेच दोन अंक माझ्याकडंही आहेत, अस्सल, एकही पान इकडंतिकडं न झालेले. घरी येऊन मी ते काढले आणि पान उलटलं.

माझा उडणारा जमिनीवर आपटला.