वालाच्या दाण्याएवढी

गागोद्याच्या अंगाला आमचा गाव. भात कापलं की जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरायचे, आणि कुणाच्याही शेतात मूठ मोरूचीच. त्याच्या हातचे वाल उगवले की रोपांत ना दाटी, ना खाडे. असा पेरणारा थेट रोह्यापर्यंत दुसरा नव्हता.

चाळिशीनंतर त्याचे हात वाढू लागले. आधी बोटातली अंगठी कापून काढावी लागली. मग पेणच्या बाजारात पायाची चप्पल मिळेना. जबडा रुंद झाला, आवाज घोगरा झाला.

"गो रंभा, नवऱ्याला काय खायला घालतंस?" बायका विचारत.

"तुमच्या नवऱ्यांना घालत नाय ते," रंभा हसून म्हणे.

त्या साली शेजारच्या हैबतरावाच्या शेतात वाल दाट उगवले आणि पिवळे पडले.

"मोरू, हात सैल सुटला रे."

"नाय. मूठ तीच हाय."

मूठ तीच होती, पण तिच्यात दीडपट दाणे मावत होते. पुढच्या साली त्यानं मूठ अर्धीच भरली. तेव्हा जाड बोटांना दाणा लागेना. कुठे ओंजळभर पडले, कुठे काहीच नाही.

डोकं ठणकू लागलं, कडेचं दिसेना, तेव्हा रंभा त्याला पेणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी मुंबईला पाठवून डोक्याचे फोटो काढून घेतले.

"ह्याला अ‍ॅक्रोमेगली म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "एका फ्रेंच डॉक्टरानं जुन्या ग्रीक भाषेतून हे नाव घडवलं. अ‍ॅक्रो म्हणजे टोक, मेगा म्हणजे मोठं. शरीराची टोकं मोठी होतात."

"पण कशानं?" मोरूनं विचारलं.

"मेंदूखाली वालाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ आलीय."

"दाण्याएवढीच ना? मग टाका उपटून."

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "गाठ आता डोळ्यांच्या नसांवर चढलीय. मुंबईचे डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. आणि वाढलेलं हाड परत लहान होत नाही, मोरू."

भात कापून झालं. मोरू बियाण्याची टोपली घेऊन सकाळपासून ओटीवर बसला. बोलावणं दरसाली यायचं.

"हैबतराव आला काय गो?"

"नाय."

बाजूच्या शेतात हैबतराव स्वतःच पेरत होता. मोरू समोर वाटेकडे बघत होता; कडेचं शेत त्याला दिसत नव्हतं. रंभाला दिसत होतं.

ऊन उतरलं, तसं मोरूनं टोपली तिच्याकडे सरकवली. तिनं ती आत नेली आणि बियाण्याचे वाल बिरड्यासाठी भिजत घातले.