केरबाची दोरी

अरुणोदय टॉकीजात पडद्यावर देव आला की सगळं थिएटर हात जोडायचं. एकटा केरबा लोहार तेवढा जोडायचा नाही. त्यात उर्मटपणा नव्हता. त्याचे दोन्ही हात मशीनवर असायचे. केरबा तिथला ऑपरेटर. केबिनच्या भिंतीतल्या वीतभर भोकातून तो दिवसाला तीन वेळा देव दाखवायचा आणि मधल्या वेळात चहा प्यायचा. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचा, "देव रिळातनं येतोय. मी फकस्त कार्बन म्होरं सरकावतो."

मूळचा गारगोटीचा. बापाच्या भात्यापुढं बसून विस्तवाची जात ओळखायला शिकलेला. एका वर्षी गावच्या बाजारात तंबूचा सिनेमा आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं इंजिन बसलं. केरबानं कानस घेऊन ते चालू करून दिलं. तंबूवाल्यांनी त्याला दोन दिवसांसाठी बरोबर नेलं, ते दोन दिवस काही संपले नाहीत. असा फिरत फिरत तो कोल्हापुरात आला, लायसन काढलं, गंगावेशीत खोली घेतली, लग्न केलं. कार्बनच्या दोन कांड्या जळत आखूड होतात, त्यांच्यामधली ज्योत कधी पिवळी पडते, कधी थरथरते, हे त्याला न बघता कळायचं. बायको मात्र म्हणायची, "लोकांस्नी दिवसभर देव दावतोस, घरच्या देवाला पळीभर पाणी घालवत न्हाय तुला." यावर केरबा नुसता हसायचा.

बावन्न सालच्या श्रावणात गणपतराव मास्तरांच्या डोक्यात भक्तिपटांचा सप्ताह आला. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. धार्मिक बोलपट लागला की बायका टॉकीजच्या दारात चपला काढून आत जातात, हे त्यांनी पाहिलं होतं आणि ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. गावात नामसप्ताह होतो, तसा सिनेमाचा का होऊ नये? सात दिवस, सात बोलपट, सकाळचा खेळ. आणि खेळ सुटला की तिथंच जाजम टाकून अर्धा तास चर्चा. विषयही त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दारावर लावला होता: 'पडद्यावरचा देव खरा की खोटा?' टॉकीजचे मॅनेजर त्र्यंबकअप्पा यांना खऱ्याखोट्याशी कर्तव्य नव्हतं, पण सकाळची रिकामी खुर्ची त्यांना बघवत नसे. त्यांनी होकार दिला.

चर्चेला कीर्तनकार आले, तालमीतले वस्ताद आले, एक वकील तर रोज यायचे आणि रोज तेच बोलायचे. देवाला रोज वर बसून पडद्यावर पाठवणाऱ्या माणसाला मात्र कुणीच काही विचारलं नाही. केरबालाही त्याचं काही वाटलं नाही.

पहिल्याच दिवशी, शनिवारी, घोटाळा झाला. सप्ताह म्हटल्यावर आरती आली, आरती म्हटल्यावर मान आला. मानाची बाई तबक घेऊन पडद्यासमोर उभी राहिली. देव प्रगटला तेव्हा तिनं काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली, वात पेटली, आणि मान वर करते तो पडद्यावर देवाच्या जागी राजाचा मुनीम उभा! बाईनं मुनिमालाच ओवाळलं. पोरंटोरं हसली. केरबानं भोकातून तिचा चेहरा पाहिला आणि त्याला काही हसू आलं नाही.

"सोमवारी देव आला की मशीन थांबव," अप्पा म्हणाले. "महादेवाचा बोलपट आहे, श्रावणी सोमवार. गर्दी मुंगीला शिरू देणार नाही."

"थांबवल्यावर झडप पडती, अप्पा. पडद्यावर अंधार हुतोय."

"होऊ दे. आत देव आहे म्हणून ओवाळतील."

मशीनमध्ये कार्बनची ज्योत आणि फिल्म यांच्यामध्ये एक लोखंडी झडप असते. फिल्म पळत असते तोवर ती उघडी. फिल्म थांबली की आपोआप पडते आणि उजेड अडवते. कारण ती ज्योत एकाच चित्रावर थांबली तर फिल्म कापरासारखी पेट घेते. नवशिक्या ऑपरेटरला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. वीस वर्षं विस्तवाशी खेळलेल्या केरबाला ते शिकवायची गरज नव्हती. आणि तरीही सोमवारी सकाळी त्यानं झडपेला सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक वरच्या खिळ्याला अडकवलं. कुणी सांगितलं नव्हतं. अंधाराला कसं ओवाळायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पाच सेकंद फिल्म तग धरेल, मग झडप सोडू, असा त्याचा हिशेब.

बोलपट एका तेलिणीचा होता. शेवटी तिच्या घाण्याचा बैल गुडघे टेकतो आणि महादेव प्रगट होतो. त्या दिवशी आरतीचा मान धोंडुबाईचा. कागलकडची शेतकरीण, पन्नाशीची, सप्ताहासाठी बहिणीकडं, बायडाबाईकडं उतरलेली. महादेव आला. केरबानं मशीन थांबवलं. देव पडद्यावर थांबला, ठाम, डोळे मिटलेला. धोंडुबाईनं तबक उचललं, एक वेढा पुरा केला, आणि देवाच्या बरोबर कपाळावर एक तांबूस डाग उठला. डाग पसरला, उकळला, कपाळ गेलं, डोळे गेले, सगळं तोंड जळून पडदा पांढरा पडला.

केरबानं दोरी तोडून झडप पाडली, दोन्हीकडून फिल्म फाडली आणि पेटता तुकडा उघड्या हातानं ओल्या पोत्यात दाबला. तळवा पोळला. खाली बायका उठून उभ्या राहिल्या. मग कोण तरी ओरडलं, "तिसरा डोळा उघडला! महादेव कोपला!"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

केरबानं अप्पांना खरं काय ते तिथंच सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं, खिडकीतून खालच्या गर्दीकडं पाहिलं आणि म्हणाले, "हे बाहेर बोलायचं नाही." दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'ज्या पडद्यावर महादेवाने तिसरा डोळा उघडला तो पडदा येथे आहे.' पन्हाळ्यापासून गाड्या जुंपून लोक आले. शुक्रवारी सप्ताह संपायचा, तो अप्पांनी रविवारपर्यंत लांबवला आणि रविवारी तेलिणीचाच बोलपट पुन्हा लावायचं ठरवलं. गणपतराव मास्तरांना पाटी पटली नाही, पण गर्दी बघून तेही गप्प बसले. शहाणी माणसं गप्प बसायला लागली की समजावं, फायदा सगळ्यांचा आहे.

केरबाही गप्पच होता. झडप बांधणाऱ्याचं लायसन राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

गुरुवारी बायडाबाई केबिनच्या जिन्याशी आली. "त्या जळालेल्या देवाचं काय केलंसा?"

"का?"

"पंचगंगेत सोडायचा हाय. माझी भन सोमवारपासनं जेवली न्हाय, बाबा."

मग तिनं सगळं सांगितलं. सोमवारी पहाटे कागलहून निरोप आला होता, धोंडुबाईच्या सुनेला मुलगा झाला. म्हणजे घरात सोयर. दहा दिवस देवाला शिवायचं नाही. पण आरतीचा मान आयुष्यात एकदाच आलेला. धोंडुबाईनं निरोप पदराआड ठेवला आणि तबक उचललं. आणि देव जळाला. "आता म्हणती, माझ्या पापानं देव जळाला, माझी सावली पोरावर पडली तर पोर बी जळंल. पयला नातू हाय, तर तोंड बगाय जात न्हाय. भिताडाकडं तोंड करून बसलीया."

केरबानं आपल्या पोळलेल्या हाताकडं पाहिलं. सोमवारपासून तो ठणकत होता, पण आत्ता जे ठणकलं ते हातात नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्या दुपारी तो बायडाबाईकडं गेला. खिशात चुन्याच्या रिकाम्या डबीत त्यानं फिल्मचा कापलेला तुकडा ठेवला होता. धोंडुबाई कोपऱ्यात बसली होती. त्यानं तो तुकडा उंबऱ्यातल्या उन्हात धरला.

"मावशी, हिकडं बगा. ह्यो तुमचा देव."

तिनं मान वळवली. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक, सगळ्यांत तोच महादेव, तेच मिटलेले डोळे. मधली दोन जळून भोक पडलं होतं, शेजारची करपली होती.

"एवढासा?" ती म्हणाली.

"एका सेकंदात असली चोवीस पळत्यात. पळत्यात तवर जळत न्हाईत. थांबली की जळत्यात. म्हणून झडप असती. ती मी बांधून ठेवलीती. दोरीनं. तुमच्या सोयराचा काय संबंध न्हाय, मावशी. माझ्या दोरीनं देव जळाला."

"का बांधलीस?"

केरबा घुटमळला. "अंधाराला कसं ओवाळणार तुमी?"

धोंडुबाईनं तुकडा पुष्कळ वेळ हातात धरला, मग परत दिला. "गुणाचा हाईस. म्हातारीला बरं वाटावं म्हणून आळ आपल्यावर घेतोस. खरं आसतं तर चारचौघांत सांगितलं आसतंस की."

"सांगितलं तर?"

"तर मी नातवाला बगाय जाईन," ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडं वळली.

शुक्रवारचा दिवस केरबानं कसाबसा घालवला. दगडाखाली हात सापडल्यावर माणूस हिसका मारायच्या आधी थोडा विचार करतोच. घरी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "भाता हाय की गारगोटीला." मग त्याला झोप लागली.

शनिवारच्या चर्चेला जाजमावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायडाबाईनं बहिणीला दंडाला धरून आणून बायकांच्या बाजूला बसवलं होतं. वकील तिसऱ्या डोळ्यावर बोलत होते. केरबा केबिनमधून खाली आला, चपला दारात काढल्या आणि मास्तरांसमोर उभा राहिला.

"मास्तर, मला बोलायचं हाय."

अप्पांनी डोळे वटारले. मास्तरांनी एकदा अप्पांकडं पाहिलं, एकदा केरबाच्या हाताकडं, आणि वकिलांना खाली बसवलं.

केरबाला भाषण येत नव्हतं. त्यानं डबी उघडली, तुकडा वर धरला आणि धोंडुबाईला सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं: झडप, दोरी, खिळा, पाच सेकंदांचा चुकलेला हिशेब. सोयराचं नाव काढलं नाही. "देव कोपला न्हाय. मी चुकलो. आणि मशीन थांबवायची गरजच न्हाय. बैलानं गुडघं टेकलं की वात लावा. तिथनं देव याय पाऊण मिन्ट लागतंय. मी हजारदा बगितलंय, कवाच चुकत न्हाय."

काही लोक चिडले. पन्हाळ्याहून एवढ्या लांब आलेल्या माणसाला चमत्कार परत घेतलेला आवडत नाही. एक पावणं तर म्हणाले, "ह्याच्या दोरीत बी महादेवच हुता म्हणायचं."  मास्तर उठले, बाहेर गेले आणि अप्पांची पाटी स्वतःच्या हातानं उतरवून आणली. धोंडुबाई कधी उठून गेली, ते कुणाला कळलं नाही.

"उद्याचा खेळ दुसरा माणूस मिळत नाही म्हणून तुझा," अप्पा जिन्यात म्हणाले. "परवापासून येऊ नकोस." त्यांचा आवाज वाटलं होतं तेवढा कडक नव्हता. झडपेचं त्यांना लायसनच्या कचेरीत कळवावं लागणार होतं आणि ते कळवणार होते.

रविवारी केरबा लवकर आला. केबिनमधली दोन्ही मशीन पुसली, तेल घातलं, भिंग फडक्यानं साफ केलं. नवऱ्या मुलीसारखं मशीन सजवलं, असं म्हणायला हरकत नाही. सांधलेलं रीळ त्यानं बोटांनी चाचपून पाहिलं. सांधा पक्का होता.

खेळ सुरू झाला. पाटी उतरली होती तरी थिएटर भरलं होतं. शेवटचं रीळ लागलं. घाणा फिरला, तेलीण रडली, बैलानं गुडघे टेकले. आणि खाली अंधारात एकदम पंचवीस-तीस वाती पेटल्या. मानाची एकच बाई पुढं होती, पण कालचं ऐकून कितीतरी बायकांनी पदराखाली निरांजनं आणली होती. पाऊण मिनिट. महादेव आला. मशीन थांबलं नाही, देव जळला नाही, बारा सेकंद आरती झाली. सांध्याशी देवाची मान किंचित हलली, इतकंच. ते केरबाशिवाय कुणाला दिसलं नाही.

केरबा भोकाला डोळा लावून बघत होता. त्याला रोज दिसायच्या तशाच पाठी दिसत होत्या. सगळ्या थिएटरची तोंडं पडद्याकडं.

मग दाराजवळ, अगदी मागं, त्याला धोंडुबाई दिसली. कागलच्या गाडीतून उतरून सरळ आली असावी, काखेत गाठोडं होतं. हातात तबक नव्हतं. सोयर होतं ना. या खेपेला तिनं ते पाळलं होतं. ती पडद्याला पाठ करून उभी होती. जिथून उजेड येत होता त्या भोकाकडं मान वर करून तिनं हात जोडले होते. मग जोडलेले हात सोडून तिनं दोन्ही तळव्यांमध्ये वीतभर अंतर धरून दाखवलं. नातू एवढासा आहे. आणि ती हसली.

सगळ्या थिएटरात तेवढं एक तोंड त्याच्याकडं होतं. केरबाचे डोळे भरून आले. त्यालाही हात जोडायचे होते, फार जोडायचे होते. पण ज्योत पिवळी पडायला लागली होती आणि पडद्यावर देव अजून उभा होता. त्यानं पोळलेल्या हातानं कार्बन पुढं सरकावला.