पिठावरची पावलं

हिराबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका मांजराला जेवताना बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं. हे लिहायला जड जातं, पण झालं ते असंच झालं. हिराबाईंना नगरच्या दवाखान्यात नेल्यापासून त्यांची तायडी माझ्या हातचं काही खात नव्हती. करड्या पाठीचं, पांढऱ्या पोटाचं ते मांजर. आमच्या दोन घरांची मधली भिंत एक, पुढचा ओटाही एकच, तरी ती माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकत नव्हती. हिराबाईंच्या कुलूप लावलेल्या दारापाशी बसून राहायची. मी दूधभाकरी कुस्करून समोर ठेवायची, वाटीला मुंग्या लागायच्या आणि मी ते सगळं टाकून द्यायची. त्या दुपारी मात्र ती आपण होऊन आत आली, गॅसच्या ओट्याखाली ठेवलेली वाटी चाटूनपुसून साफ केली आणि पंजा चाटत बसली. आली बाई एकदाची ताळ्यावर, असं मी मनात म्हणतेय तोवर फोन वाजला. हिराबाईंचा मुलगा बापू होता. “बाई, आई गेली,” एवढंच म्हणाला. कधी, असं मी विचारलं तर म्हणाला, आत्ताच. मी वळून पाहिलं तर तायडी तिथंच, फरशीवर अंगाचं वेटोळं करून झोपली होती. हिराबाईंना नेल्यापासून ती झोपलेली मी पाहिलीच नव्हती. याचा अर्थ काय, ते मला विचारू नका. मी जन्मभर शाळेत पोरांना गणित शिकवलं, योगायोग नावाची गोष्ट मला चांगली माहीत आहे. तरीही तो फोन आठवला की आधी वाटी आठवते.

आमचं गाव प्रवरेच्या काठाला, कोल्हारच्या अलीकडे. मी इथं शाळेत बाई म्हणून आले आणि बाईच राहिले, माझं नाव गावात कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. आम्ही ख्रिस्ती, हिराबाई माळकरी. माझे यजमान गेले, मुलगी पुण्यात रमली आणि घरात मी एकटी उरले. पलीकडे हिराबाई एकट्या. बापूनं मळ्यात वस्तीवर नवं घर बांधलं होतं, बायकामुलांसह तो तिकडं राहायचा. दिवसभरात माझा स्वतःचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू यायचा तो संध्याकाळी, हिराबाईंनी भिंतीपलीकडून चहाला हाक मारली आणि मी “आले” म्हटलं की. आमची भिंत वर पत्र्याला टेकत नाही, वीतभर फट आहे. त्या फटीतून फोडणीचा वास, खोकला, हरिपाठ, सगळं इकडचं तिकडं व्हायचं.

मांजर हा प्राणी मला आवडत नव्हता. केस, वास, दुधाच्या पातेल्यात तोंड... मी हिराबाईंना तसं स्पष्ट सांगितलंही होतं. वर असंही म्हटलं होतं की आमच्या रविवारच्या उपदेशात मेंढरं येतात, कबुतर येतं, गाढवसुद्धा येतं, पण मांजर आलेलं मी आजवर ऐकलं नाही. हिराबाईंनी बशीतला चहा संपवला आणि शांतपणे म्हणाल्या, “आवतान दिलं नसंल. पन उपदेशाला ती तशीबी येत न्हाई, माळ जपतानाबी उठून जाती.” बोलणं त्यांचं मोजकं आणि जरा तिखटच. शेजारणी त्यांना वचकून असायच्या. माणसांशी जे बोलायच्या नाहीत ते मात्र तायडीशी बोलायच्या. सुनेचं काय चुकलं, स्वतःचं काय चुकलं, गुडघा कुठं दुखतो, नवरा गेला त्या दिवशी काय राहून गेलं. ते फटीतून मला ऐकू यायचं आणि मी ऐकलं नाही असं दाखवायची. एकदा न राहवून विचारलंच, की तिला यातलं काय कळतं. त्या म्हणाल्या की माणसाला सांगितलं की माणूस काहीतरी परत सांगतं, हिला सांगितलं की सांगितल्यापुरतंच राहतं. मला ते तेव्हा टोचलं होतं, खरं सांगते. कारण परत सांगणारं माणूस म्हणजे मीच होते.

आणखी एक होतं. तायडी हिराबाईंच्या मांडीवर बसून पुष्कळदा त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, रिकाम्या भिंतीकडे एकटक बघायची. कान उभे, शेपूट स्थिर. हिराबाई मागं वळून बघत नसत. विचारलं तर म्हणायच्या, असू द्या, तिला दिसतं ते तिचं. त्यांचे यजमान त्याच भिंतीला टेकून पान खायचे, हे मला गावातल्या दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

बापूला या मांजराचा राग होता आणि त्याला कारण होतं. नवं घर झाल्यावर त्यानं आईला वस्तीवर नेलं. मांजराशिवाय येत नाही म्हटल्यावर मांजरालाही नेलं, पोत्यात घालून, रस्ता दिसू नये म्हणून मोटारसायकलवरून आडवाटेनं फिरवून. आमच्याकडे मांजर सोडायला असंच नेतात. वस्तीवर कुत्री होती. तायडी तिथं टिकली नाही, कॅनॉल ओलांडून, उसातून वाट काढत परत आली ती थेट आमच्या ओट्यावर. आणि मग दूध घालायला जाणाऱ्या टेम्पोत बसून हिराबाईही आल्या. मला म्हणाल्या, “ती आली, मंग मी तितं काय करू?” नातवंडं सोडून मांजरामागं गेली म्हणून बापू पुष्कळ दिवस आईशी नीट बोलत नव्हता. पुढं बोलू लागला, पण येणं आठवड्यातून एकदाच, तेही ओट्यावर उभ्या उभ्या. मला त्याचं वाईट वाटायचं. पण भिंतीपलीकडून पुन्हा चहाची हाक आली त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला, तो काही मी लपवणार नाही.

अंत्यविधी नदीवर झाला. संध्याकाळी बापू ओट्यावर बसला होता, डोळे सुजलेले. तेरावं झालं की घराला कुलूप लावतो म्हणाला, आणि हे मांजर पोत्यात घालून नदीपल्याड सोडून येतो. पुढं म्हणाला, ह्याच्यापायी आई एकटी राहिली. कुणाच्या आईच्या जाण्यावर त्या दिवशी काय बोलणार? पण हिराबाई गेल्याच होत्या. आता तायडीही गेली तर या ओट्यावर श्वास घेणारी मी एकटीच उरणार, हे मला एकदम समोर दिसलं. न आवडणाऱ्या मांजरासाठी जीव असा तुटेल, असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

हिराबाईंच्या लोकांत एक रीत आहे. माणूस गेल्यावर त्याच्या जागी जमिनीवर बारीक पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि पिठावर पाटी, म्हणजे विणलेली टोपली, पालथी घालतात. सकाळी पाटी उचलून बघतात. पिठावर जे पाऊल उमटलेलं असेल, त्या जन्माला जीव गेला. कधी पाखराचं दिसतं, कधी गाईचं, कधी नुसती मुंगीची रेघ. हिराबाईंचा जीव दवाखान्यात गेला होता, म्हणून पीठ कुठं पसरायचं यावर थोडी कुरबुर झाली. शेवटी बापूची थोरली आत्या, हिराबाईंची नणंद, म्हणाली की जीव गेला कुठंही असो, तिची जागा तिच्या अंथरुणाची. तिथंच पसरलं. त्या घरात रोज ये-जा करणारी मी एकटीच होते, आणि मी तेव्हा माझ्या घरी होते. त्या अंथरुणावर रात्री आणखी कोण निजायचं, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

सकाळी उजाडताना मला बोलावलं. आत सगळे भिंतीला धरून उभे होते. पाटी बाजूला सरकली होती, दिवा जळत होता आणि पिठावर मांजराची पावलं उमटली होती. गोल, स्वच्छ, चार बोटांची. मधोमध पीठ दबलेलं, अंगाचं वेटोळं करून कुणी निजून उठावं तसं. आत्या हळूच म्हणाली, त्या मुक्या जिवात जीव अडकला होता, तिकडंच गेली. बापूची बायको सुनंदा पदर तोंडाला लावून रडायला लागली. कुणीही मांजराचं नाव घेईना. हिराबाई मांजराच्या जन्माला गेल्या, हे सगळ्यांच्या मनात होतं आणि सगळ्यांनाच ते बोलायची भीती वाटत होती.

बापू माझ्याकडे वळला. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेला पोर, आता कानशिलावर पांढरं दिसायला लागलेलं. म्हणाला, “बाई, तुमी शिकिवलंय मला. तुमी सांगा. ही आईच हाय का?”

काय सांगणार होते मी? माझ्या धर्मात जीव असा फिरून येत नाही. तो जिथं जातो तिथून पावलं उमटवायला येत नाही. आणि पाटी सरकवून आत कोण शिरलं, हे सांगायला धर्मही नको होता. पण ते एक वाक्य माझ्या तोंडून गेलं असतं तर तायडी त्याच दिवशी पोत्यात गेली असती. आणि हो, आईच आहे म्हणावं, तर मी शिकवलेल्या पोराला मी खोटं सांगितलं असं झालं असतं. मी त्या दबलेल्या पिठाकडे बघत म्हणाले, “बापू, ती रोज रात्री इथंच निजायची.”

“कोन? आई का मांजर?”

“दोघी,” मी म्हणाले.

तो तिथंच खाली बसला. ते पीठ त्यानं कुणाला भरू दिलं नाही, स्वतःच्या ओंजळीनं गोळा केलं आणि नदीला सोडून आला. त्यानंतर पोत्याचं नाव निघालं नाही. तेराव्यानंतर घराला कुलूपही लागलं नाही, नुसती कडी.

आता बापू रोज येतो. वस्तीवरची धार काढून झाली की दिवेलागणीला त्याची मोटारसायकल ओट्यापाशी थांबते. तो आत जातो, दिवा लावतो, वाटीत दूध ओततो आणि बसतो. सुरुवातीला त्यानं तायडीला वस्तीवर न्यायचाही प्रयत्न केला, पण पोतं न घेता. तिच्यासमोर उकिडवा बसून अगदी मानानं “चला की घरी” म्हणत होता. ती पाठ चाटत राहिली. मला हसू आलं, आणि मग रागही आला. आई जिवंत होती तेव्हा याला ओट्यावर बसायला फुरसत नव्हती, आणि आता रोज शेर-शेर दूध आणतो! तो राग बरेच दिवस माझ्या मनात होता. चहाची हाक बंद झाली होती, संध्याकाळी तोंड उघडायला काही कारण उरलं नव्हतं, आणि चहाला बसायची माझी जी जागा होती तिथं एक वाटी ठेवलेली होती.

मग थंडी पडली. तायडी अंधार पडायच्या आधीच माझ्याकडे येऊ लागली. आधी पायाशी, मग सरळ मांडीवर. मी दाराला कडी घालायची, वारं येतं म्हणून. निदान स्वतःला तसं सांगायची. पलीकडे बापू यायचा, वाटी भरायचा आणि मांजर तिथं नसताना बोलत बसायचा. मोठ्यानं हाक मारायची त्याला लाज वाटत असावी. गल्लीत कुणी ऐकलं तर, आई म्हणून कुणाला हाका मारतो म्हणतील. म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यांशीच हळू आवाजात बोलायचा. ऊसतोड लांबलीय. धाकट्याला ताप होता, उतरला. मी इकडं तायडीच्या पाठीवर हात ठेवून ऐकायची. ती माझी होती, निदान त्या तासाभरापुरती.

परवाही त्यानं वाटी भरली. मग फटीतून आवाज आला, “आई, दवाखान्यात तू घरी ने म्हनत हुतीस... रोज म्हनत हुतीस. मला वाटलं, बरी झाली की नेऊ. मी लई चुकलो.” आणि तो हुंदके देऊन रडायला लागला.

माझ्या मांडीवर तायडीचे कान उभे राहिले. मान वर करून तिनं भिंतीकडे पाहिलं आणि मग दाराकडे. कडी घातलेली होती. मी हात तसाच ठेवला असता तर ती कदाचित पुन्हा निजलीही असती, थंडी तेवढी होती. मी थोडा वेळ हात ठेवला... मग उठले आणि कडी काढली.

ती उंबऱ्यावर थांबून लांब आळस देऊन निघाली, तिला कसली म्हणून घाई नव्हती. मी दारातच उभी राहिले. पलीकडचं हुंदके देणं मध्येच थांबलं. मग बापूचा आवाज आला, लहान असताना वर्गात यायचा तसा, “आलीस व्हय...” आणि वाटी फरशीवर पुढं सरकवल्याचा आवाज.

मी दार नुसतं लोटलं आणि परत जागेवर येऊन बसले. मांडीवरची साडी अजून गरम होती. ती थंड होईपर्यंत मी तिच्यावर हात ठेवून बसून राहिले.