रुमाल हलला की वा

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सभागृहांत आजवर जेवढी खोटी दाद दिली गेली असेल, तिच्यातली निम्मी तरी माझ्या मावशीच्या यजमानांनी स्वतः तयार करवून घेतलेली आहे. उरलेली निम्मी त्यांच्या नकळत दिली गेली असेल आणि तिच्या दर्जाबद्दल त्यांना तीव्र नापसंती असेल. नौपाड्यातल्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी दुपारी गाण्याची बैठक होते. तिकीट नाही, कोणीही यावं, ऐकावं. सतरंज्या अंथरण्यापासून बटाटेवडे वाटण्यापर्यंत सगळं आम्ही स्वयंसेवक करतो आणि आम्हा सगळ्यांवर हे काका राज्य करायचे. लोकांची, लोकांसाठी चाललेली मैफल म्हणून मी मोठ्या उत्साहाने त्यात शिरले. आमच्या घरात भिंतींना रंग लागायच्या आधी घोषणा लागल्या होत्या, त्यामुळे 'सर्वांसाठी खुलं' हे शब्द वाचले की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. तिथे गेल्यावर कळलं की हॉल सर्वांसाठी खुला आहे, पण दाद द्यायचं काम आधीच वाटून झालेलं आहे.

काकांचा सिद्धांत असा की आपल्याकडचा श्रोता भरल्या पोटी येतो, भिंतीला टेकून बसतो आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याचा लोड होतो. अशा लोडांसमोर कोणी गावं तरी कसं? म्हणून हॉलच्या चार कोपऱ्यांत चार स्वयंसेवक पेरायचे, त्यांतली एक मी. काका मागच्या दाराशी उभे राहणार, खिशातून पांढरा रुमाल काढून कपाळ पुसणार, की चारही कोपऱ्यांतून दाद उसळली पाहिजे. यासाठी कार्यक्रमाआधी चपला ठेवायच्या जागेत रीतसर तालीम व्हायची. "पोटातून 'वा' म्हणा. घशातून आलेली 'वा' खोकल्यासारखी वाटते," असं ते आमच्या पोटांकडे बोट दाखवून सांगत. दादेचीही त्यांनी प्रतवारी केली होती. सुरुवातीला नुसती 'वा', मध्यंतराच्या आसपास 'क्या बात है' आणि 'अहाहा' फक्त भैरवीला. 'अहाहा' आधीच खर्च केलेली त्यांना अजिबात चालत नसे. मावशीला शब्दांची परवानगीच नव्हती. तिच्याकडे फक्त मान होती. पहिल्या रांगेत बसून तिने ती हलवायची, आणि तीसुद्धा 'पंख्यासारखी नको, झोक्यासारखी.' संसारात इतकी वर्षं मान हलवल्यावर ही नोकरी तिला फारशी जड गेली नाही, हे ती स्वतःच सांगते.

डोंबिवलीहून येणारा निनाद नावाचा आमचा एक स्वयंसेवक आहे. तो एकदा वैतागून म्हणाला, "काका, मागच्या वेळी मी दोनदा सॉलिड 'वा' मारलेली. तुम्ही काय बोलला पण नाहीत."

"रुमालाच्या आधी मारलीस," काका म्हणाले.

"अहो पण मला खरंच आवडलेलं ते!"

"घरी आवडून घ्यायचं. इथे आपण कामाला आलोय."

हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाने स्वतःच्या आवडीसाठी दुसऱ्याच्या रुमालाची वाट बघायची! सभेत टाळ्या वाजवायला माणसं आणतात, त्यांना आपण नावं ठेवतो. मग इथे सतरंजीवर बसून वेगळं काय चाललं होतं? त्या लोकांना निदान वडापाव तरी मिळतो. आम्ही वडे वाटायचो आणि आमच्या वाट्याला उरलाच तर चुरा यायचा.

बरं, इतकी हुकूमत गाजवणाऱ्या माणसाला गाण्यातलं काही कळत असेल, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. एका बैठकीत मात्र सगळं उघडं पडलं. गायकाने तान संपवली, समोरचा पेला उचलला आणि पाणी प्यायला सुरुवात केली. त्याच वेळी तबलजींच्या मानेवर माशी बसली आणि त्यांनी मान उडवली. मागे लगेच रुमाल निघाला. चारही कोपऱ्यांतून एकदम "क्या बात है!" उठलं आणि मावशीची मान झोक्यासारखी हलली. गायकाला ठसका लागला. पाणी पिण्याला एवढी दाद त्यांना आयुष्यात मिळाली नसावी. मध्यंतरात मी काकांना कोपऱ्यात गाठलं.

"काका, तुम्ही गाणं ऐकतच नाही. तुम्ही तबलजींची मान बघता!"

"मग? त्यांना कळतं. ते मान उडवतात तिथे काहीतरी चांगलं झालेलं असतं," काका शांतपणे वडे मोजत म्हणाले. "आज माशीने घात केला."

यात लपवण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं. जिल्हा कचेरीत सगळी नोकरी दुसऱ्याच्या मानेकडे बघून केलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा तरी काय करायची? त्या दिवसापासून मी इतर तिघांचं मन वळवायला लागले. यापुढे आतून आली तरच दाद द्यायची, नाहीतर तोंड बंद ठेवायचं. निनाद तर तयारच होता. "बरोबर आहे यार, आपण काय हॉर्न आहोत का, दाबला की वाजायला?" असं तो म्हणाला. कोणी ऐकून घेत असलं की तत्त्व भराभर पसरतं.

पुढच्या बैठकीला कल्याणच्या एक बाई गाणार होत्या. तालमीच्या वेळी काका नेहमीसारखे पोटांवर घसरले नाहीत. ते म्हणाले, "बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालंय. त्यानंतर पहिल्यांदाच चार लोकांसमोर बसतायत. मला फोनवर म्हणाल्या, 'जमलं नाही तर अर्ध्यातून उठेन, आणि मग परत कधी बसायची नाही.' त्यांना उठू द्यायचं नाही. समजलं?"

"चांगलं गायल्या तर देऊ की दाद," मी म्हटलं. "वाईट गायल्या तर खोटं बोलणार नाही. त्यांनासुद्धा ते आवडायचं नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, बाकीच्या तिघांकडे पाहिलं आणि काय ठरलंय ते त्यांना कळलं. रुमाल खिशात नीट आहे ना एवढं चाचपून ते दाराशी जाऊन उभे राहिले.

बाई बसल्या. सुरुवातीचे खालचे सूर बरे लागले. पण वरच्या षड्जाशी पोचल्या आणि आवाज फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. तबलजी मान खाली घालून ठेका धरून बसले. हॉल इतका गप्प झाला की खालच्या रस्त्यावर रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते त्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता. मागे रुमाल निघाला. कोणी बोललं नाही. रुमाल पुन्हा कपाळावरून फिरला. निनादने माझ्याकडे पाहिलं, मी नाही म्हणून डोळ्यांनीच सांगितलं. मावशीची मानसुद्धा जागची हलली नाही. बाईंनी मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येला थांबण्याची खूण करायला हात उचलला.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "वा!"

इतक्या वर्षांत काकांनी स्वतः दिलेली ती पहिली दाद. ती घशातून आली होती आणि अगदी खोकल्यासारखीच वाटली. सगळा हॉल वळून बघायला लागला. बाईंचा हात हवेतच राहिला.

"अहो," त्या माइकमधूनच म्हणाल्या, "आत्ता तर बेसूर झालं!"

"हो का?" काका म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं! तुम्ही गा."

आधी तबलजी हसले, मग पुढच्या रांगा, मग बाई स्वतः. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले, तंबोऱ्याचा सूर उतरवून घेतला आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरुवात केली. त्यानंतर काही चमत्कार झाला, असं मी लिहिणार नाही. आवाज पुढेही दोन-तीनदा फाटला. फाटला की त्या दाराकडे बघायच्या, काका अपराध्यासारखे जमिनीकडे बघायचे, त्या हसायच्या आणि पुढे जायच्या. भैरवी झाली. मग टाळ्या झाल्या आणि त्या कोणी कोणाला सांगितलेल्या नव्हत्या.

सतरंजीची दोन टोकं माझ्याकडे आणि दोन काकांकडे होती. घडी घालत आम्ही जवळ आलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "तू खोटं बोलत नाहीस म्हणून विचारतो. कशा गायल्या गं?"

मी जरा विचार केला. "शेवटपर्यंत गायल्या," मी म्हटलं.

"मग झालं तर," ते म्हणाले आणि सतरंजी काखेत मारून निघाले.

पेरलेली दाद मला आजही मान्य नाही. ती पद्धत आम्ही मोडून काढली याचा मला अभिमान आहे. गुडघ्यांमुळे काकांना आता तो जिना चढवत नाही. मावशी एकटीच येते आणि जिथे वाटेल तिथे मान हलवते. बैठक संपली की तिचा फोन वाजतो. वाजला की ती तो न बघताच माझ्या हातात देते. पलीकडून काका राग विचारत नाहीत, गर्दी विचारत नाहीत. "अर्ध्यातून उठलं नाही ना गं कोणी?" एवढंच विचारतात.

"नाही काका."

"बरं," ते म्हणतात, पण फोन ठेवत नाहीत. मग मीही त्यांना हॉलचे पंखे बंद होईपर्यंत इकडचं तिकडचं सांगत राहते.