झोपाळ्यावरची पावलं

गुडघा बदलल्यावर नडियादच्या डॉक्टरांनी रंभाबेनच्या घोट्याला एक पट्टी बांधून दिली. चाललेली पावलं ती मोजायची आणि आकडा दवाखान्यात, तसाच कॅनडातल्या लेकाच्या, चिरागच्या फोनवर जायचा. पावलं कमी पडली की त्याचा फोन आलाच.

"बा, आज पुन्हा बसूनच राहिलीस ना?"

"मग काय गरबा खेळू?" रंभाबेन खेकसायच्या. रिकाम्या घरात या खोलीतून त्या खोलीत कुणासाठी जायचं, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

एकदा झोपाळ्यावर बसून पायानं रेटा देताना त्यांच्या लक्षात आलं, झोक्यागणिक पट्टी पाऊल मोजते. मग काय, दिवसभर झोपाळा कुरकुरायला लागला. लेक खूश, दवाखाना खूश. गुडघा तेवढा आखडत गेला.

उत्तरायणाच्या तोंडावर चिरागचा फोन आला. "बा, कमाल केलीस! तुझ्या काळजीनं तिकडे यायला रजा काढली होती. पण आता तू ठणठणीत आहेस, म्हणून रद्द केली."

"बरं केलंस, दीकरा."

फोन ठेवून त्या उठायला गेल्या, तर गुडघा साथ देईना. मग बसल्या बसल्याच त्यांनी झोपाळ्याला रेटा दिला. तिकडे कॅनडात पावलं वाढत राहिली.