सिंगापूरचे ब्रश आणि घरचं आगळ

मेकअपचे ब्रश कोकमाच्या आगळाने धुवू नयेत. ही सूचना कुठल्याच डब्यावर छापलेली नसते, म्हणून मी सांगून ठेवते. दुसऱ्या कोणाला हे सांगायचा अधिकार असो वा नसो, मला आहे.

आमचं घर रत्नागिरीत, मांडवीला. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घरात सासूबाई, आमचे हे (शाळेत मास्तर), धाकटे भावोजी (बोटीवर, म्हणजे वर्षातला बराच काळ घरात नसलेले आणि म्हणूनच सगळ्यांचे लाडके), नणंद बेबी आणि मी. त्या काळात आमच्या गल्लीतली एकही नवरी माझ्या हातून सुटली नव्हती! नऊवारी नेसवायची मी, अंबाडा घालायची मी, मुंडावळ्या बांधायची मी. माझं सगळं सामान बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात मावायचं. पावडर, काजळ, कुंकू, खोबरेल आणि कापूस. लग्नघरात भटजींच्या आधी मला निरोप यायचा, आणि मीही जरा उशिराच जायची. मान राखावा लागतो.

मग भावोजींचं लग्न झालं आणि नीला आली. मुंबईची. गोड बोलायची, कामाला वाघ, वर सुंदर! एखाद्या धाकट्या जावेत काहीतरी खोट असावी की नाही? मी सहा महिने शोधली, सापडली नाही. शेवटी तिला नारळ खवता येत नाही म्हणून मी जरा बरं मानून घेतलं, तर पुढच्याच आठवड्यात ती शिकली.

पण खरी आग लावली ती भावोजींनी सिंगापूरहून आणलेल्या पेटीने. काय पेटी ती! झाकण उघडलं की पायऱ्यांसारखे तीन कप्पे बाहेर यायचे. आत गुलाबी, तांबड्या, जांभळ्या रंगांच्या टिकल्या-टिकल्या, आरसा, खरवसाच्या वडीसारखा मऊ स्पंज, आणि मखमलीत निजवलेले ब्रश. लांब काळ्या दांड्याचे, सोनेरी कड्यांचे, आणि केस तर असे पांढरेशुभ्र की बघत राहावं.

"एवढे ब्रश कशाला गो?" मी विचारलं. "बेबीला रंगवायचंय की घराला?"

"हा गालांचा, ताई. हा डोळ्यांचा. हा ओठांचा. आणि हा मोठा शेवटी पावडर फिरवायला," नीलाने शांतपणे समजावलं. तिला टोमणाही कळायचा नाही. अशा बाईशी भांडणार तरी कसं?

तेवढ्यात बेबी, जिचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं, जिला मी पाळण्यात असल्यापासून तीट लावलं होतं (बरं, पाळण्यात नाही, मी लग्न होऊन आले तेव्हा ती सात वर्षांची होती, पण लावलं होतं!), ती बेबी म्हणाली, "वैनी, माझा मेकअप नीलावैनीच करतील हां. तुम्ही साडी नेसवा फक्त."

फक्त! माझ्या पोटात असं काही दुखलं की ओवा खाऊन भागणारं नव्हतं. मी हसले. दात दिसतील एवढंच हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन वाटण वाटलं. त्या दिवशीचं वाटण इतकं बारीक झालं की सासूबाईंनी कौतुक केलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी नीलाने रंगीत तालीम घेतली. आधी बेबीचं तोंड रंगवलं, मग बेबीच्या मैत्रिणींचं, मग शेजारच्या काकूंचं. काकू तर आरशापुढून हलेचनात. जो तो बघून तोंडात बोटं घालत होता. मी मांडवात पोफळीच्या झावळ्यांखाली बसून लाडू वळत होते. माझं तोंड मात्र कोणी हातात घेतलं नाही. मी मागणारही नव्हते. मला काय पडलीय!

दुपारी नीलाला शिंप्याकडे बेबीचा ब्लाऊज आणायला बाजारात जायचं होतं. निघताना म्हणाली, "ब्रश आणि स्पंज घाण झालेत. आल्यावर धुते मी."

"अगं, मी धुते ना! तू जा खुशाल," मी म्हणाले.

"राहू दे गो," सासूबाई ओटीवरून बोलल्या. "ती आली की तीच करील. तिला त्यातलं कळतं."

झालं! म्हणजे मला कळत नाही? ज्या बाईने या घरातली समई, ताम्हण, घंगाळ इतकी वर्षं सोन्यासारखी लखलखीत ठेवली, तिला चार ब्रश धुता येत नाहीत? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"नुसता शाम्पू आणि कोमट पाणी, ताई," नीला चपला घालता घालता म्हणाली. "दुसरं काही म्हणजे काही नको."

शाम्पू! आमच्या घरात माणसांच्या केसांना मिळत नव्हता तो ब्रशांच्या केसांना घालायचा? मी मागच्या परसात, विहिरीपाशी बैठक मारली आणि रिठे उकळले. आता मला सांगा, यात चूक काय? फेस असा सुरेख आला, ब्रश असे स्वच्छ निघाले, की मी तिथेच थांबले असते तर आज नीलाच्या जागी माझं नाव घेतलं असतं. पण नुसतं तिच्याएवढं करून माझं समाधान होणार नव्हतं. मला तिच्यापेक्षा सरस करून दाखवायचं होतं.

म्हणून मी सोनेरी कड्यांकडे पाहिलं. जरा काळवंडल्यासारखी वाटली. (काळवंडली नव्हती. माझी नजर काळवंडली होती.) आता पितळ दिसलं की कोकणातल्या बाईचा हात कुठे जातो? आमसुलाकडे! देवाची भांडी आम्ही आमसुलानेच उजळतो. आमसूल भिजत घालायला वेळ नव्हता, पण फळीवर ताज्या आगळाची बरणी होती. कोकमाचा तो दाट, लालभडक, खारट रस. मी पेलाभर ओतून घेतलं आणि सगळे ब्रश कड्यांपर्यंत त्यात उभे केले. डोकं खाली, दांडा वर.

थोड्या वेळाने काढून बघते तर कडी होती तशीच, पण केस गुलाबी! साधे गुलाबी नाहीत, लग्नात वाटतात त्या सरबतासारखे गुलाबी.

"बेबी, जरा इकडे ये गो!" मी हाक मारली. "हे ब्रश आधीपासून गुलाबीच होते ना?"

बेबीने बघितलं आणि किंचाळली. "वैनी! पांढरे होते!"

"ओरडू नकोस. आई येतील. जातो हा रंग."

कसा जातो? सोड्याने! धुण्याचा सोडा टाकून कढत पाण्यात मी ब्रश बुडवले. आता आगळाचा डाग पडलेल्या कपड्याला सोडा लागला की काय होतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण मत्सर डोक्यात शिरला की ठाऊक असलेल्या गोष्टी बाहेर जातात. गुलाबी रंग बघता बघता जांभळा झाला, जांभळ्याचा निळा, आणि निळ्याचा हिरवट काळा! ब्रश शेवाळलेल्या दगडासारखे दिसू लागले.

"आता?" बेबी रडवेली झाली. "उद्या माझं लग्न आहे हो वैनी!"

माझं धाबं दणाणलं, पण तिच्यासमोर दाखवते कशाला! "रंग तेलकट आहे," मी डॉक्टरासारखं निदान केलं. "रॉकेल आण."

"रॉकेल?"

"बोटीचा रंग रॉकेलने निघतो, मग हा काय त्याहून भारी आहे?"

रॉकेलने बोटीचा रंग निघतो, यात शंका नाही. ब्रशाचे केसही निघतात. आधी कढत पाण्याने आतला डिंक सुटला असावा, वर मी ते असे काही चोळले की डोळ्यांच्या ब्रशाचे सगळे केस माझ्या मुठीत आले. मग ओठांच्या ब्रशाचे. मग गालांच्या. माझ्या एका हातात टकल्या दांड्या आणि दुसऱ्या हातात मांजराचे ओरबाडून काढावेत तसे केस! फक्त पावडरीचा मोठा ब्रश कसाबसा तग धरून उभा राहिला.

मांजरावरून आठवलं. स्पंज मी रिठ्यात धुऊन, पिळून, उन्हात सुपात ठेवला होता. त्याच सुपात दुसऱ्या बाजूला सासूबाईंचे बोंबील वाळत होते. जागा वाया का घालवा? तासाभरात स्पंजाला बोंबलाचा इतका वास लागला असणार की शेजारच्या बोक्याने बोंबील सोडून स्पंजच उचलला. मी काठी घेऊन धावले. बोका कौलांवर. मी खालून "मेल्या, टाक! सिंगापूरचा आहे तो!" आणि बोका वरून माझ्याकडे बघत, शांतपणे, खरवस खावा तसा स्पंज चघळतोय.

हा आरडाओरडा ऐकून सासूबाई परसात आल्या. त्यांनी टकल्या दांड्या पाहिल्या, पेल्यातलं आगळ पाहिलं, रॉकेलची बाटली पाहिली.

"अगो बाय माझे," त्या म्हणाल्या, "एवढं आगळ फुकट घालवलंस?"

संध्याकाळी नीला आली. मी तिच्यापुढे ताट धरावं तशा त्या दांड्या धरल्या. वाटलं, आता तरी ही चिडेल, चार शब्द बोलेल, आणि मला तिच्यात एक खोट सापडेल! पण ती दांड्या बघून मटकन खाली बसली आणि हसत सुटली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "ताई, अहो बोटं आहेत ना आपल्याला!" म्हणाली. अशा माणसाबरोबर जगायचं म्हणजे शिक्षाच.

दुसऱ्या दिवशी तिने नुसत्या बोटांनी बेबीचा चेहरा असा रंगवला की तालमीपेक्षा उजवा झाला. मी साडी नेसवली. फक्त. बायका म्हणत होत्या, "नीलाच्या बोटांत काय जादू आहे गो!" म्हणजे ब्रश असते तर निदान श्रेय सिंगापूरला गेलं असतं. तेही मी तिलाच मिळवून दिलं!

मी कोपऱ्यात पिन शोधल्यासारखं करत होते. नीला आली, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "ताई, आता तुम्ही बसा."

खोटं कशाला बोलू? पेटी आली त्या दिवसापासून मला एवढंच हवं होतं. मी झटकन बसले आणि डोळे मिटले. तिने बोटांनी गाल, कपाळ, सगळं केलं आणि शेवटी पावडर फिरवायला तो वाचलेला एकुलता एक मोठा ब्रश काढला. "नवरीला नको म्हटलं, तिची कातडी नाजूक आहे. तुम्हाला चालेल ना?" यात तिचा डाव होता की भाबडेपणा, ते मला आजवर कळलेलं नाही. आरशात मी मात्र अशी दिसत होते की स्वतःलाच ओळख द्यावी लागली.

वऱ्हाड दाराशी आलं. नवऱ्या मुलाला ओवाळायचा मान थोरल्या वहिनीचा, म्हणजे माझा. मी ताट उचललं, निरांजन लावायला काडी ओढली, आणि शेजारी उभे असलेले आमचे हे एकदम ओरडले, "अगं, थांब! रॉकेलचा वास कुठून येतोय?"

सगळ्यांनी नाकं वर केली. सासूबाई माझ्याजवळ आल्या, माझ्या गालाशी हुंगल्या आणि त्यांनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं.

"नीला, तू ओवाळ गो. आणि तू," त्या मला म्हणाल्या, "दिव्यापासून लांब उभी राहा. होमापासून तर फारच लांब."

बेबीच्या लग्नाचा आल्बम अजून आहे. त्यात प्रत्येक फोटोत नीला दिव्यासकट मधोमध, आणि मी अगदी कडेला, मांडवाच्या खांबाला टेकून, तोंड वळवून. फोटोला वास नसतो. त्यामुळे जो तो बघतो आणि विचारतो, "थोरली जाऊ रुसली होती वाटतं?"

मी म्हणते, "छे हो, रॉकेल होतं." पण खरं सांगायचं तर रॉकेल फक्त तोंडाला होतं.