जिन्यावर थांबलेली सहल

रिबकाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या बाजारात मेथी निवडत होते. डहाणूहून त्यांच्या शेजारणीचा, दमयंतीबेनचा फोन. "सुमनबेन, बाई झोपेतच गेल्या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि बाजाराचा सगळा गलबला मला पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येऊ लागला... त्याला आता दीड महिना झाला.

डहाणूच्या एकाच शाळेत आम्ही बावीस वर्षं शिकवलं. त्या भूगोल, मी मराठी. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घराण्यातल्या. बालपण नागपाड्याच्या चाळीत गेलेलं. थोरली बहीण मिलका लग्नानंतर इस्रायलला गेली आणि आजारी आईपाशी बाई राहिल्या. निघताना दोघींत काहीतरी लागट बोलणं झालं होतं. पुढे चाळीस वर्षं सणावारी पत्रं तेवढी येत-जात राहिली.

२०१७च्या हिवाळ्यात मिलकाताईंचा फोन आला. त्यांच्या गावातली अठरा म्हातारी माणसं आपल्या आईबापांचा मुलूख बघायला निघाली होती. मुक्काम डहाणूला, समुद्राकाठी, आणि एक दिवस मुंबई. "मुंबईचं तू ठरव, रिबे. आणि ऐक, मला आता दिसत नाही."

मग महिनाभर दुपारच्या वेळी बाईंच्या वाडीत चिकूच्या सावलीत खाट टाकून आम्ही मुंबई आखत बसलो. चिकू पिकल्याचा गोड, जड वास असे. बाई डोळे मिटून घेत आणि शहरातून चालू लागत. "शनिवार आमचा विश्रांतीचा वार, प्रवास नसतो, म्हणून रविवार. वाटेत चारोटी नाक्यावर चहा. आधी सिनेगॉग, मग मशीद बंदर. तिथे गाडीच्या काचा खाली कर, मिलकाला मसाल्यांचा वास येऊ दे."

"रविवारी वखारी बंद असतात, बाई."

"वखारी बंद असतील. वास कसा बंद होईल?"

यादीत नागपाड्याच्या चाळीच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं : 'जिना. दहा मिनिटं. मिलकाचा हात कुणी धरू नये.' शेवटी गेटवेची बोट. स्वतः मात्र त्या येणार नव्हत्या. "यादी माझी, नेणारी तू," म्हणाल्या.

मंडळी आली. दोघी बहिणी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या बोलल्या, जपून, अदबीने. रविवारी पहाटे मिलकाताई बसमध्ये चढल्या आणि शेजारची सीट चाचपत म्हणाल्या, "रिबका कुठे बसलीय?" ती येत नाही, हे कळल्यावर उठून उभ्या राहिल्या. "मग मीही उतरते." बाई घरातल्या सपाता घालून निरोप द्यायला आल्या होत्या. तशाच चढल्या.

त्या दिवसाची मुंबई मला अजून धुक्यातून दिसते. मशीद बंदरला मिलकाताई खिडकीबाहेर तोंड काढून हसत होत्या. चाळीत मात्र त्या एकट्याच जिना चढू लागल्या, भिंतीवरून हात फिरवत, आणि आम्ही सगळे खाली उभे. मध्येच एका पायरीवर त्यांचा पाय थबकला.

"ही ठेंगणी पायरी... इथेच भांडलो होतो ना आपण?"

बाई वर गेल्या, त्यांच्याशेजारी बसल्या. मिलकाताई म्हणाल्या, "थांबले असते तर पुन्हा निघणं झालं नसतं गं. म्हणून घाईघाईने गेले."

"मलाही यायचं होतं," बाई म्हणाल्या. "तू एकदासुद्धा विचारलं नाहीस."

दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती. मी खुणेने घड्याळ दाखवलं. आयुष्यभर घंटेच्या ठोक्याला वर्गात पाऊल टाकणाऱ्या बाईंनी मला हातानेच थोपवलं. चाळकऱ्यांनी खुर्च्या काढल्या, चहा केला, इस्रायलची म्हातारी मंडळी त्यांच्याशी जुनाट मराठीत बोलत राहिली. बोट चुकली. कुणी विचारलंसुद्धा नाही. जिन्यावर त्या दोघी एकमेकींना टेकून, बहुधा अर्धवट झोपेत, उन्हं कलेपर्यंत बसून होत्या.

परतताना बाई मला म्हणाल्या, "सुमन, मी तिला फार वर्षं उगीच शिक्षा केली." त्यानंतरची दीडेक वर्षं दर रविवारी दोघी फोनवर तासतासभर बोलत.

आता रविवारी तो फोन मला येतो. मी तलासरीहून डहाणूला जाते, बाईंच्या बंद घराच्या ओट्यावर बसते. मिलकाताई फारसं बोलत नाहीत. "जरा फोन बाहेर धर," म्हणतात. मी हात लांब करते. सुरूच्या झाडांतून वारा घोंघावत असतो, पलीकडे भरती चढत असते... हात भरून आला की मी तो बदलते, आणि पुन्हा धरते.